तिकीट साहेब देत नाहीत, मतदार देतात! अमेरिकेत विद्यमान सिनेटरला घरचाच उमेदवार नडतो, तेव्हा पक्षनिष्ठा नेमकी कुणाशी?

निवडणूक लागली की आपल्याकडे सगळ्यांचा जीव एका कागदात अडकतो. एबी फॉर्म. तो ज्याच्या हातात पडला तो पक्षाचा उमेदवार, बाकीचे नाराज. मग कुणी मुंबईला गाड्या घेऊन जातं, कुणी अपक्ष अर्ज भरतं, कुणी माघारीच्या दिवशी दुपारपर्यंत फोन बंद ठेवतं. विद्यमान आमदाराचं तिकीट कापायचं की ठेवायचं हे वर बसलेली चार-पाच माणसं ठरवतात. कार्यकर्त्याच्या हातात काय? सतरंज्या.

अमेरिकेत हा कागदच नाही. तिथल्या डेमोक्रॅटिक किंवा रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षाला एखाद्या सिनेटरचं तिकीट कापता येत नाही, आणि वाचवताही येत नाही. उमेदवार कोण हे त्या पक्षाचे साधे मतदार मतदान करून ठरवतात. या पक्षांतर्गत मतदानाला तिथं प्रायमरी म्हणतात. मुख्य निवडणूक नोव्हेंबरमध्ये, प्रायमरी त्याच्या काही महिने आधी. त्यामुळे अठरा-वीस वर्षं पदावर बसलेल्या सिनेटरलाही त्याच्याच पक्षातला नवखा गडी घरी बसवू शकतो.

आता प्रश्न असा, की असं आव्हान उभं राहिलं तर पक्षातल्या बाकीच्यांनी कुणाच्या बाजूनं उभं राहायचं? इतकी वर्षं सोबत असलेल्या सिनेटरच्या, की मतदारांच्या कौलाच्या? आणि हरलेल्या सिनेटरनं काय करायचं? हे कळायला २००६ सालची कनेक्टिकट राज्यातली लढत बघावी लागते. त्या एका जागेत पक्षनिष्ठेचे सगळे खेळ बघायला मिळाले.

आधी सिनेटर म्हणजे कोण

सिनेट हे अमेरिकी संसदेचं वरचं सभागृह. राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाला दोनच सिनेटर. पन्नास राज्यं, शंभर सिनेटर. मुदत सहा वर्षांची. ऐकायला आपल्या राज्यसभेसारखं वाटतं, पण मोठा फरक आहे. आपल्या राज्यसभेचे खासदार आमदार निवडून देतात. अमेरिकेतही आधी तसंच होतं, पण १९१३ मध्ये घटना दुरुस्त करून ही निवड थेट जनतेकडे दिली. म्हणजे सिनेटरला अख्ख्या राज्यातून मतं मागावी लागतात.

दुसरा फरक त्याहून मोठा. तिथं पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडे १९८५ पासून दहावी अनुसूची आहे, पक्षाचा व्हीप मोडला तर सदस्यत्व जाऊ शकतं. अमेरिकेतला सिनेटर पक्षाच्या विरोधात मत देऊ शकतो, पक्ष सोडू शकतो, दुसऱ्या पक्षात जाऊन बसू शकतो. खुर्ची सहा वर्षं त्याचीच. त्याला धाक असतो तो फक्त पुढच्या प्रायमरीचा.

जो लिबरमन यांच्यावर राग कशाचा होता

जो लिबरमन १९८८ मध्ये कनेक्टिकटमधून डेमोक्रॅटिक पक्षाचे सिनेटर झाले. पुढं दोनदा सहज निवडून आले. २००० साली अल गोर राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले तेव्हा त्यांनी उपराष्ट्राध्यक्षपदासाठी लिबरमन यांनाच सोबत घेतलं. गोर हरले, पण लिबरमन यांचं नाव देशभर झालं. पक्षातला हा माणूस कुणी साधासुधा नव्हता.

बिनसलं ते इराकच्या युद्धावरून. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना युद्धाचा अधिकार देणारा ठराव सिनेटमध्ये आला. बुश रिपब्लिकन, तरी डेमोक्रॅटिक पक्षाच्या ५० पैकी २९ सिनेटरांनी बाजूनं मत दिलं. हिलरी क्लिंटन यांनीही दिलं. लिबरमन एकटे नव्हते. पण पुढं युद्ध चिघळलं, ज्या घातक शस्त्रांसाठी युद्ध केलं ती सापडली नाहीत, सैनिकांच्या शवपेट्या घरी यायला लागल्या. मग बाकीचे नेते हळूहळू मागं सरकले. लिबरमन सरकले नाहीत. युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्षांची विश्वासार्हता कमी करणं देशाला धोक्याचं आहे, असं त्यांनी २००५ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच पक्षाच्या लोकांना सुनावलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला संसदेतल्या भाषणानंतर बुश यांनी लिबरमन यांचा चेहरा हातात धरून गालाशी गाल नेला होता. कॅमेऱ्यात ते टिपलं गेलं. विरोधकांनी पुढं दोघांचा मोठा पुतळाच करून गाडीवर चढवला आणि राज्यभर फिरवला. निवडणुकीत एक फोटो किती महागात पडतो हे आपल्याला सांगायला नको.

लिबरमन यांचं म्हणणं असं, की मी ९० टक्के वेळा पक्षासोबतच मतदान केलंय, मग एका मुद्द्यावरून मी परका कसा? हिशोबानं ते बरोबर होतं. पण मतदार टक्केवारी मोजत नव्हते. घरात माणूस रोज नीट वागतो आणि भावकीच्या भांडणात नेमका समोरच्या बाजूला जाऊन बसतो, मग लोकांना तेवढंच लक्षात राहतं.

नवखा उमेदवार आणि अडचणीतले नेते

समोर उभे राहिले नेड लॅमाँट. केबल टीव्हीच्या धंद्यातले, घरचे श्रीमंत, राजकारणात फार नाव नसलेले. गावपातळीच्या मंडळावर निवडून आलेले, एवढीच काय ती मोठी जमा. त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर घातले आणि एकच मुद्दा धरला: युद्ध थांबवा. मे महिन्यात पक्षाचं राज्य अधिवेशन झालं. प्रायमरीत उतरायला तिथं १५ टक्के प्रतिनिधींची मतं लागत होती. लॅमाँट यांना तिथंच एक तृतीयांश मिळाली. तेव्हा सगळ्यांना कळलं की हे प्रकरण हलकं नाही.

पक्षाचे बडे नेते मात्र जवळजवळ सगळे लिबरमन यांच्याच बाजूनं. राज्याचे दुसरे सिनेटर क्रिस डॉड त्यांच्यासोबत. बराक ओबामा तेव्हा नवे सिनेटर होते, त्यांनी कनेक्टिकटला येऊन लिबरमन यांची पाठराखण केली. बिल क्लिंटन जुलैमध्ये प्रचाराला आले. यातल्या अनेकांना युद्ध मान्य नव्हतं. मग असं का?

याला मैत्री हे एक कारण आहेच, पण नुसती मैत्री नाही. सिनेटमध्ये जुन्या माणसाला समित्यांची अध्यक्षपदं मिळतात, त्यातून राज्याला निधी आणि कामं येतात. विद्यमान उमेदवाराकडं पैसा, ओळख आणि यंत्रणा तयार असते. नोव्हेंबरमध्ये जागा टिकण्याची खात्री जास्त. शिवाय प्रत्येक सिनेटरच्या मनात एक भीती असते. आज शेजाऱ्याच्या घरात बंड पेटलं, उद्या आपल्या घरात पेटेल. म्हणून ते एकमेकांना सांभाळतात. याला पक्षनिष्ठा म्हणायचं की धंद्यातली भागीदारी, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

खरा तिढा ३ जुलैला पडला. लिबरमन यांनी जाहीर केलं, की प्रायमरी हरलो तरी मी अपक्ष म्हणून नोव्हेंबरची निवडणूक लढवणार, त्यासाठी लागणाऱ्या साडेसात हजार सह्या आतापासून गोळा करतोय. म्हणजे पक्षाच्या मतदारांपुढं उभं राहायचं, त्यांचा कौल मागायचा, आणि कौल विरोधात गेला तर तो मानणार नाही असं आधीच सांगून ठेवायचं. आपण आयुष्यभर डेमोक्रॅटच आहोत, अपक्ष झालो तरी डेमोक्रॅटच राहू, असं ते म्हणत होते. पण ज्यांच्या मतावर पक्ष उभा असतो त्यांना हे झोंबलं. पंचाला आधीच सांगायचं, की माझ्या बाजूनं निकाल दिला तरच तुम्ही पंच, असाच हा प्रकार होता.

एका रात्रीत बदललेल्या बाजू

८ ऑगस्ट २००६ ला प्रायमरी झाली. कनेक्टिकटमध्ये मतदार नोंदणी करतानाच पक्ष लिहिता येतो, आणि पक्षाच्या प्रायमरीत त्या पक्षाचे नोंदलेले मतदारच मत देऊ शकतात. लॅमाँट यांना १ लाख ४६ हजार ४०४ मतं पडली, लिबरमन यांना १ लाख ३६ हजार ४९०. फरक दहा हजारांच्या आत. अठरा वर्षांचा सिनेटर पक्षातूनच पडला.

दुसऱ्या दिवशी लिबरमन यांनी सह्यांचे कागद दाखल केले. आणि त्याच दिवसापासून काल त्यांचा प्रचार करणारे नेते लॅमाँट यांच्याकडं वळले. सिनेटमधले पक्षनेते हॅरी रीड आणि निवडणुकीची सूत्रं सांभाळणारे चक शुमर यांनी लॅमाँट यांना पाठिंबा जाहीर केला. क्लिंटन पती-पत्नी, डॉड, ओबामा, सगळे तिकडं.

वरवर बघता ही गद्दारी वाटेल. पण तिथली रीत वेगळी आहे. प्रायमरीपर्यंत तुम्ही माणसाशी बांधलेले, प्रायमरीनंतर निकालाशी. हरलेल्यानं जिंकलेल्याचा हात वर करायचा आणि पक्षानं एक व्हायचं. हा कायदा नाही, कुणी लिहून ठेवलेला नियमही नाही. पण तो मोडला तर प्रायमरीला अर्थच उरत नाही. ज्या नेत्यांनी जुलैमध्ये लिबरमन यांच्यासाठी भाषणं केली त्यांनी ऑगस्टमध्ये बाजू बदलली, कारण निकाल न मानणं म्हणजे आपल्याच लाखो मतदारांना खोटं पाडणं होतं.

अर्थात मनापासून किती जण वळले हा भाग निराळा. पाठिंब्याचं पत्रक काढणं आणि घाम गाळणं यातलं अंतर आपल्याकडच्या कुठल्याही बूथ कार्यकर्त्याला विचारा.

नोव्हेंबरमध्ये उलटा निकाल

७ नोव्हेंबरला मुख्य निवडणूक झाली. आता मतदार फक्त डेमोक्रॅट नव्हते. कनेक्टिकटमध्ये कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदारांचा गट सगळ्यात मोठा आहे, शिवाय रिपब्लिकन होतेच. रिपब्लिकन पक्षाचा अधिकृत उमेदवार होता ॲलन श्लेसिंजर, पण तो इतका कमजोर की बुश यांच्या व्हाइट हाऊसनंही त्याला पाठिंबा द्यायचं टाळलं. रिपब्लिकन मतदारांनी ओळखायचं ते ओळखलं. एक्झिट पोलनुसार त्यांच्यातली सुमारे ७० टक्के मतं लिबरमन यांना गेली. डेमोक्रॅट मतदारांतलीही एक तृतीयांश त्यांनी राखली.

निकाल: लिबरमन ५ लाख ६४ हजार, लॅमाँट ४ लाख ५१ हजार, श्लेसिंजर १ लाख ९ हजार. पक्षाचं तिकीट हरलेला माणूस एक लाखाहून जास्त मतांनी निवडून आला.

इथं दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं ठरतं, हीच पंचाईत. प्रायमरीत मतं पडली पावणेतीन लाखांवर, मुख्य निवडणुकीत अकरा लाखांवर. लिबरमन म्हणू शकत होते की मी राज्याचा सिनेटर आहे, एका पक्षाचा नाही, आणि राज्यानं मला निवडलंय. लॅमाँट यांचे लोक म्हणू शकत होते की मग पक्षाच्या नावावर अठरा वर्षं मतं कशाला मागितली? विरोधी पक्षाच्या मतांवर निवडून यायचं आणि स्वतःला डेमोक्रॅट म्हणवायचं, हे त्यांना कधीच पटलं नाही.

मग गरज आडवी आली

याच निवडणुकीत सिनेटचं पारडं फिरलं. डेमोक्रॅट ४९, रिपब्लिकन ४९ आणि दोन अपक्ष: एक बर्नी सँडर्स, दुसरे लिबरमन. दोघं डेमोक्रॅट गटात बसले म्हणून ५१ झाले. लिबरमन पलीकडं गेले असते तर ५०-५० झाले असते, आणि बरोबरीत निर्णायक मत असतं उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचं, म्हणजे रिपब्लिकनांचं. ज्या माणसाविरुद्ध पक्षानं नोव्हेंबरपर्यंत प्रचार केला त्याच्याच हातात पक्षाची सत्ता आली. जानेवारी २००७ मध्ये त्यांना अंतर्गत सुरक्षेच्या महत्त्वाच्या समितीचं अध्यक्षपद मिळालं. ज्येष्ठता कायम.

हे चित्र महाराष्ट्राला नवं नाही. २०२४ च्या लोकसभेला सांगलीची जागा आघाडीत शिवसेना ठाकरे गटाला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले आणि निवडून येताच काँग्रेसलाच पाठिंब्याचं पत्र दिलं. बंडखोर जिंकला की तो घरचाच असतो. पडला तर मात्र पक्षशिस्त आठवते.

लिबरमन यांची गोष्ट पुढं आणखी ताणली. २००८ मध्ये त्यांनी ओबामांच्या विरोधात रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅककेन यांचा उघड प्रचार केला, रिपब्लिकन अधिवेशनात जाऊन भाषण केलं. ओबामा जिंकले. आता तरी हाकलतील असं कार्यकर्त्यांना वाटलं. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट सिनेटरांनी बंद दाराआड मतदान केलं: ४२ विरुद्ध १३, अध्यक्षपद ठेवा. ओबामांनीही त्यांना बाहेर काढू नये असंच सुचवलं होतं.

कारण आकड्याचं होतं. सिनेटमध्ये विधेयकावरची चर्चा बंद करून मतदान घ्यायला १०० पैकी ६० मतं लागतात. २००९ मध्ये ओबामांचं आरोग्य विम्याचं मोठं विधेयक आलं तेव्हा डेमोक्रॅट गटाकडं बरोबर ६० होते, त्यातले एक लिबरमन. विधेयकात सरकारी विमा कंपनीसारखी योजना होती, खासगी कंपन्यांना स्पर्धा देणारी. लिबरमन अडून बसले: ही योजना असेल तर माझं मत नाही. मग ५५ वर्षांपुढच्यांना सरकारी वृद्ध विमा विकत घेऊ द्यावा असा मधला मार्ग निघाला. त्यालाही त्यांनी नकार दिला. दोन्ही गोष्टी काढून टाकाव्या लागल्या, तेव्हा २४ डिसेंबर २००९ ला विधेयक ६०-३९ नं मंजूर झालं. ज्या पक्षाच्या मतदारांनी त्यांना पाडलं होतं त्या पक्षाच्या सगळ्यात मोठ्या कायद्याला त्यांनी हवा तसा आकार दिला. पण त्या साठ मतांतलं एक मत त्यांचंही होतं, हेही विसरता येत नाही.

बाकीच्यांनी काय केलं

सगळ्यांना हे जमत नाही. बहुतेक राज्यांत असे नियम आहेत की प्रायमरी हरलेल्याचं नाव त्याच निवडणुकीत पुन्हा मतपत्रिकेवर येत नाही. कनेक्टिकटमध्ये तशी आडकाठी नव्हती म्हणून लिबरमन यांचं निभावलं.

पेनसिल्व्हेनियाचे आर्लन स्पेक्टर यांनी दुसरी वाट धरली. ते रिपब्लिकन. २००४ मध्ये पॅट टूमी यांनी त्यांना प्रायमरीत घाम फोडला होता, तेव्हा राष्ट्राध्यक्ष बुश यांनी स्पेक्टर यांच्यासाठी ताकद लावली आणि ते थोडक्यात वाचले. २००९ मध्ये टूमी पुन्हा येणार हे दिसल्यावर स्पेक्टर थेट डेमोक्रॅटिक पक्षात गेले. ओबामांनी हात दिला, पक्षाचे नेते मागं उभे राहिले. पण नेत्यांनी घेतलं म्हणून मतदार घेतात असं नाही. मे २०१० मध्ये जो सेस्टॅक यांनी त्यांना नव्या पक्षाच्या प्रायमरीत ५४-४६ टक्क्यांनी पाडलं. नोव्हेंबरमध्ये जागा टूमी यांनीच जिंकली.

अलास्कात त्याच वर्षी लिसा मर्कोव्स्की रिपब्लिकन प्रायमरीत जो मिलर यांच्याकडून सुमारे दोन हजार मतांनी हरल्या. मतपत्रिकेवर नाव येणार नव्हतं. पण तिथं मतदाराला रिकाम्या ओळीवर हातानं नाव लिहून मत देता येतं. आडनाव भलतंच अवघड, म्हणून स्पेलिंग छापलेले हातातले पट्टे वाटले, जाहिरातीत स्पेलिंग म्हणून दाखवलं. मिलर यांनी स्पेलिंगच्या चुकांवरून कोर्टात धाव घेतली, पण त्या जिंकल्या. सिनेटची निवडणूक असं नाव लिहून घेऊन याआधी जिंकली होती ती १९५४ मध्ये. रिपब्लिकन पक्षानं पाठिंबा मिलर यांना दिला होता, तरी मर्कोव्स्की यांचं समितीतलं पद काढलं नाही. जिंकल्यावर त्या पुन्हा रिपब्लिकन बाकांवरच बसल्या.

पुढं २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या महाभियोगात त्यांनी ट्रम्प दोषी असं मत दिलं. राज्यातल्या पक्षानं त्यांचा निषेधाचा ठराव केला. पण तोवर अलास्काच्या मतदारांनी २०२० मध्ये पद्धतच बदलून घेतली होती: सगळ्या पक्षांच्या उमेदवारांची एकच प्रायमरी, सगळ्यांना मताचा अधिकार, पहिले चार पुढं. २०२२ मध्ये मर्कोव्स्की या नव्या पद्धतीनं पुन्हा निवडून आल्या. जुनी, फक्त पक्षाची प्रायमरी असती तर त्या वाचल्या असत्या का, यावर तिथं आजही वाद घालतात.

एक लक्षात घ्यायला हवं, की विद्यमान सिनेटर प्रायमरीत पडतो असं क्वचितच घडतं. बहुतेक जण वाचतात. पण न पडताही धाक काम करतो. ज्या सिनेटरला वाटतं की पुढच्या वर्षी समोर कुणीतरी उभं राहील, तो आधीच मत सांभाळून देतो. तिथं व्हीप मोडला म्हणून खुर्ची जात नाही, पण पक्षाच्या कट्टर मतदारांचा राग ओढवला तर जाऊ शकते. आपल्याकडचा आमदार वर बघून हात वर करतो, तिथला सिनेटर प्रायमरीच्या रांगेकडं बघून. यात मधला, कुठल्याच पक्षाचा नसलेला मतदार मात्र राहून जातो, कारण जुन्या पद्धतीच्या बंद प्रायमरीत त्याला मतच नाही.

लिबरमन २०१२ ला पुन्हा उभे राहिले नाहीत. लॅमाँट सिनेटमध्ये कधीच पोहोचले नाहीत, पण २०१८ मध्ये कनेक्टिकटचे गव्हर्नर झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा निवडून आले. तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, तो आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो आणि थेट जनतेतून येतो. २७ मार्च २०२४ ला लिबरमन वारले, तेव्हा त्यांच्या सन्मानार्थ राज्यातले झेंडे अर्ध्यावर उतरवायचा आदेश लॅमाँट यांच्याच कार्यालयातून निघाला.